मॅकार्थीझम म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द कुठे वापरावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अग्रलेखांत, टीव्हीवरच्या चर्चांत, समाजमाध्यमांवर ‘हा तर निव्वळ मॅकार्थीझम’ असं वाक्य वारंवार येतं. त्याचा नेमका अर्थ काय? ‘रेड-बेटिंग’ म्हणजे तेच का? आणि मराठीत लिहिताना हा शब्द कुठे बसतो, कुठे बसत नाही?

आधी थेट उत्तर. कम्युनिझमला विरोध करणं म्हणजे मॅकार्थीझम नव्हे. तो विरोध अमेरिकेतल्या समाजवाद्यांनी केला, कामगार संघटनांनी केला, आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनीही केला. त्यांतल्या कुणालाच हा शब्द लागू होत नाही. मॅकार्थीझम हे आरोप करण्याच्या एका रीतीचं नाव आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे असा माणूस दुसऱ्यावर कम्युनिस्ट किंवा देशद्रोही असल्याचा ठपका ठेवतो. कुणाला पडताळून पाहता येईल असा पुरावा तो समोर ठेवत नाही. आणि काही सिद्ध व्हायच्या आतच त्या दुसऱ्याची नोकरी, पासपोर्ट, अब्रू जाते. आरोप करणाऱ्याची सत्ता, पुराव्याचा अभाव आणि निकालाआधीची शिक्षा, हे तिन्ही एकत्र असतील तरच हा शब्द वापरावा. एखादी गोष्ट कमी असेल तर त्या प्रसंगासाठी दुसरा, जास्त नेमका शब्द सापडतो.

शब्दाचा जन्म पाहिला की हे चटकन लक्षात येतं. विस्कॉन्सिन राज्याचे रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी पक्षाच्या महिला मंडळापुढे भाषण केलं. परराष्ट्र खात्यात काम करणाऱ्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे, असं ते म्हणाले. वृत्तपत्रांत आकडा छापून आला २०५. दोनच दिवसांत ते ५७ म्हणू लागले. २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये त्यांनी ८१ प्रकरणं वाचून दाखवली.

हे आकडे आले कुठून, हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण सगळी रीत त्यात दिसते. १९४६ मध्ये परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी एका काँग्रेस सदस्याला पत्र लिहिलं होतं. युद्धकाळातल्या इतर कचेऱ्यांमधून परराष्ट्र खात्यात वर्ग झालेल्या सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांची छाननी झाली, त्यांतल्या २८४ जणांना कायम करू नये अशी शिफारस झाली, आणि ७९ जणांना काढलं, असं त्यात होतं. २८४ मधून ७९ गेले, उरले २०५. ‘शिफारस’ या शब्दामागे कारणं अनेक प्रकारची होती, त्यांत सगळे कम्युनिस्ट होते असं पत्रात कुठेही नव्हतं. शिवाय पत्र जवळपास चार वर्षं जुनं होतं. ५७ हा आकडा दुसऱ्याच एका यादीतला. संसदीय समितीच्या कर्मचाऱ्यांनी परराष्ट्र खात्याच्या फायली चाळून १०८ प्रकरणं काढली होती, त्यांतले ५७ जण १९४८ मध्ये अजून नोकरीत होते. म्हणजे मॅकार्थींकडे कागद होते. ते शिळे होते, दुसऱ्याच कामासाठी तयार केलेले होते, आणि त्यांत जे लिहिलं नव्हतं तेच मॅकार्थी त्यांतून वाचून दाखवत होते. नावं मात्र श्रोत्यांना दिसली नाहीत. नाव नसलं की प्रत्युत्तर द्यायचं कुणी आणि कशाला?

आरोपांची चौकशी करायला सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज यांची उपसमिती नेमली गेली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तिच्या बहुमताने हे आरोप म्हणजे फसवणूक आहे असा निष्कर्ष दिला. पण बातमी केव्हाच देशभर पोचली होती.

‘मॅकार्थीझम’ हा शब्द लोकांपुढे ठसठशीतपणे आणला तो वॉशिंग्टन पोस्टचे व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक, म्हणजे हर्बलॉक यांनी, २९ मार्च १९५० च्या अंकात. रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह असलेल्या हत्तीला पक्षाचे पुढारी ओढत-ढकलत नेताहेत. समोर डांबराच्या बादल्यांची डगमगती उतरंड आहे आणि सगळ्यात वरच्या पिंपावर हा शब्द लिहिलेला आहे. हत्ती घाबरून विचारतोय, यावर उभं राहायचं का मी? डांबर का, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही एखाद्याची बदनामी करायची तर तोंडाला काळं फासतात. त्या चित्रात शब्दाचा मूळ अर्थ तोच होता: काळं फासण्याचं राजकारण, आणि त्यावर पाय रोवून उभा राहू पाहणारा पक्ष. मॅकार्थींना शब्द बोचला नाही. १९५२ मध्ये त्यांनी तोच शब्द शीर्षकात घेऊन स्वतःचं पुस्तक काढलं. म्हणजे त्या काळचा मजकूर वाचताना तो कोण वापरतंय हे पाहावं लागतं. समर्थकांच्या तोंडी तो कौतुकाचाही होता.

इथे मराठी लेखांत हमखास होणारी एक चूक दुरुस्त करायला हवी. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशी झालेल्या हॉलिवूडच्या दहा जणांना, म्हणजे चित्रपटलेखक, दिग्दर्शक वगैरेंना, मॅकार्थींनी तुरुंगात टाकलं, असं लिहिलेलं आढळतं. ते चुकीचं आहे. हॉलिवूडची चौकशी १९४७ मध्ये झाली आणि ती प्रतिनिधीगृहाच्या अन-अमेरिकन कारवायांविषयीच्या समितीने केली. मॅकार्थी सिनेटर होते, म्हणजे दुसऱ्याच सभागृहात. त्या समितीशी त्यांचा संबंध नव्हता. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली ती डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमन यांनी, २१ मार्च १९४७ च्या आदेशाने. संशयित संघटनांची यादी अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीने प्रसिद्ध केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९४९ मध्ये प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली, आणि पुढच्या वर्षी सही न करणाऱ्या ३१ जणांना काढून टाकलं. हे सगळं व्हीलिंगच्या भाषणाआधीच उभं होतं किंवा सुरू झालं होतं. सोव्हिएत संघासाठी हेरगिरीच्या आरोपावरचा रोझेनबर्ग दांपत्याचा खटलाही न्यायालयात चालला, मॅकार्थींपुढे नाही. मॅकार्थींच्या हाती स्वतःची चौकशी समिती आली ती १९५३ मध्ये, आणि २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. जेमतेम दोन वर्षांचा कारभार. त्यामुळे काळाला नाव द्यायचं असेल तर ‘दुसरी लाल भीती’ किंवा ‘शीतयुद्धातली कम्युनिस्टविरोधी लाट’ असं लिहावं, आणि मॅकार्थीझम हा शब्द त्या रीतीसाठी राखून ठेवावा. सगळं एका माणसाच्या नावावर टाकलं की बाकीची यंत्रणा निर्दोष सुटते.

या यंत्रणेचं सगळ्यात धारदार हत्यार होतं एक प्रश्न: ‘तुम्ही आज कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा पूर्वी कधी होता का?’ हा प्रश्न साधा वाटतो. त्यातून सुटायला वाट का नव्हती, हे समजलं की मॅकार्थीझमचं अर्धं यंत्र समजतं.

‘नाही’ म्हटलं आणि समितीकडे उलट सांगणारा कुणी माजी सभासद किंवा खबऱ्या असला, तर खोट्या साक्षीचा खटला. ‘हो’ म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? रॉजर्स खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट एकदा कबूल केली की तिच्या तपशिलांबद्दल गप्प राहण्याचा हक्क उरत नाही. म्हणून स्वतःबद्दल खरं बोलायला तयार असलेल्यांनाही मित्रांची नावं सांगणं किंवा सभागृहाच्या अवमानाखाली तुरुंगात जाणं एवढेच पर्याय राहिले. तिसरी वाट पहिल्या घटनादुरुस्तीची: माझा पक्ष कोणता हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही, असं म्हणायचं. हॉलिवूडच्या दहा जणांनी तेच केलं आणि सहा महिने ते वर्षभर तुरुंगात काढले. चौथी वाट पाचव्या घटनादुरुस्तीची, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही हा हक्क. आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद २० (३) मध्ये आरोपीला असंच संरक्षण आहे. हा हक्क वापरला की तुरुंग टळायचा, पण नोकरी जायची. मॅकार्थी अशा माणसांना सरळ ‘पाचव्या दुरुस्तीचे कम्युनिस्ट’ म्हणत. न्यूयॉर्क शहराच्या सनदेत तर हा हक्क वापरणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याची नोकरी आपोआप संपेल अशी तरतूद होती. ब्रुकलिन कॉलेजच्या एका प्राध्यापकाची नोकरी तशीच गेली. ते चुकीचं होतं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये दिला, म्हणजे चार वर्षांनी.

गप्प राहणं हाच कबुलीजबाब मानला जाणं, ही मॅकार्थीझमची खरी ओळख. ओळखीपाळखीवरून दोषी ठरवणं ही तिच्याच शेजारची खूण. तुमच्या भावाने कुठल्या पत्रकाची वर्गणी भरली होती, स्पेनच्या यादवीत तुम्ही कुणाला मदत पाठवली होती, कुठल्या सभेला बसला होता, यावरून निष्ठा मोजली जायची.

आता एक अवघड प्रसंग, कारण व्याख्येची कसोटी अवघड प्रसंगातच लागते. ११ मार्च १९५४ रोजी अ‍ॅनी ली मॉस नावाची कृष्णवर्णीय महिला मॅकार्थींच्या समितीपुढे आली. ती लष्कराच्या संदेश विभागात कारकून होती. तिच्याविरुद्ध जे होतं ते एफबीआयच्या खबऱ्या बाईने सांगितलेलं, आणि त्या बाईने तिला प्रत्यक्ष ओळखलेलं नव्हतं. कार्ल मार्क्सबद्दल विचारल्यावर तिने ‘तो कोण?’ असा प्रतिप्रश्न केला आणि दालनात हशा पिकला. मॅकार्थी मधेच उठून गेले. त्यांचे वकील रॉय कोहन यांनी आपल्याकडे आणखी गुप्त पुरावा असल्याचं सूचित केलं, तेव्हा सिनेटर मॅक्लेलन यांनी आक्षेप घेतला. इतिवृत्तातून वाक्य खोडता येईल, पण वर्तमानपत्रांतून आणि लोकांच्या मनातून ते खोडता येत नाही, हाच यातला दुष्टपणा आहे, अशा अर्थाचं ते बोलले. काही दिवसांनी पत्रकार एडवर्ड मरो यांच्या टीव्ही कार्यक्रमात हे सगळं दिसलं आणि मॅकार्थींविरुद्ध जनमत तापलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५८ मध्ये एका सरकारी मंडळाने जाहीर केलं की कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या नोंदींत तिचं नाव आणि पत्ता होता. मॅकार्थींचे समर्थक आजही हा दाखला देतात. तो दडवून ठेवू नये, उलट पूर्ण सांगावा. कारण आरोप पुढे खरा निघाला म्हणून आरोपाची रीत न्याय्य ठरत नाही. त्या दिवशी तिच्यासमोर काय ठेवलं होतं? न दाखवलेला पुरावा आणि उलटतपासणीला न आणलेली साक्षीदार. तिच्या हुद्द्यावर गुप्त मजकूर जात होता का, हा खरा प्रश्न, आणि तो बंद दाराआडच्या नियमित चौकशीत सुटला असता.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर हेरगिरीबद्दल. अमेरिकेत सोव्हिएत हेर होते का? होते. व्हेनोना प्रकल्पात उलगडलेल्या सोव्हिएत तारा १९९५ मध्ये खुल्या झाल्या तेव्हा त्याबद्दलचा बराच वाद मिटला. पण ते हेर पकडले गेले ते संकेतलिपी फोडणाऱ्यांमुळे, एफबीआयच्या तपासामुळे आणि फुटून आलेल्या माणसांमुळे. मॅकार्थींच्या समितीच्या बंद सुनावण्यांची इतिवृत्तं २००३ मध्ये सिनेटने प्रसिद्ध केली. त्या समितीपुढे आलेल्यांपैकी एकालाही खोटी साक्ष, अवमान, हेरगिरी किंवा घातपाती कारवाया यांसाठी तुरुंगात जावं लागलं नाही, हे तेव्हा सिनेटच्याच इतिहासकाराने नोंदवलं. धोका खरा होता आणि ही रीत तो पकडण्यात निकामी ठरली. ही दोन्ही वाक्यं एकत्र लिहिली पाहिजेत. पहिलं गाळलं की लेख भाबडा होतो, दुसरं गाळलं की मॅकार्थींचं समर्थन होतं.

वृत्तपत्रांनी काय केलं, हेही पत्रकारितेतल्या वाचकांनी पाहावं. मॅकार्थी संध्याकाळच्या अंकाची वेळ गाठून आरोप करत. ज्याच्यावर आरोप झाला त्याला गाठून त्याचं म्हणणं घ्यायला वेळच उरायचा नाही. ‘सिनेटर म्हणाले’ एवढं लिहिलं की बातमी वस्तुनिष्ठ मानली जायची, कारण ते तसं म्हणाले हे तर खरंच होतं. दुसऱ्या दिवशीचा खुलासा आतल्या पानावर. सभागृहातल्या भाषणाला विशेषाधिकार असल्याने तिथे बदनामीचा दावाही लागत नाही. तीच वाक्यं बाहेर बोला, असं आव्हान मॅकार्थींना वारंवार दिलं गेलं ते याचमुळे. आपल्या संसदेत आणि विधिमंडळातही असाच विशेषाधिकार आहे, म्हणून बातमीत आरोप सभागृहात झाला की बाहेर, हे नोंदवणं महत्त्वाचं ठरतं.

आता शेजारचे शब्द. ‘रेड-बेटिंग’ हा शब्द जुना आणि जास्त व्यापक. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर न देता त्याला ‘लाल’ ठरवून चर्चा उधळून लावणं, एवढंच त्यात येतं. त्याला सत्तेची गरज नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मजुरांना किमान वेतन द्या म्हणणाऱ्याला कुणी ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात’ म्हणून गप्प केलं, तर ते रेड-बेटिंग. मराठीत याला ‘लाल शिक्का मारणं’ असं सरळ म्हणता येतं. ‘रेड-टॅगिंग’ हा फिलिपिन्समधला शब्द आणि तो अधिक भयंकर आहे. तिथे सशस्त्र कम्युनिस्ट बंडाशी संबंध जोडून कार्यकर्ते, पत्रकार, वकील यांची नावं जाहीर केली जातात, आणि पुढे जिवाला धोका होतो. रेड-टॅगिंगमुळे जीवित, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांच्या हक्कांना धोका पोचतो, असा फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२४ मध्ये जाहीर झाला. तिथल्या घटनेसाठी ‘मॅकार्थीझम’ लिहू नये, त्यांच्याकडे स्वतःचा, अचूक शब्द आहे.

मराठीत शब्द कसा लिहायचा? ‘मॅकार्थीझम’ आणि ‘मॅकार्थीवाद’ दोन्ही चालतात, पण दुसऱ्यात एक अडचण आहे. ‘वाद’ म्हटलं की वाचक विचारसरणी शोधतो: गांधीवाद, मार्क्सवाद. मॅकार्थींची कुठलीही विचारसरणी नव्हती, होती ती वागण्याची तऱ्हा. तऱ्हेसाठी मराठीत ‘गिरी’ हा सुंदर प्रत्यय आहे: दादागिरी, हुजरेगिरी. अर्थाच्या दृष्टीने ‘मॅकार्थीगिरी’ सगळ्यांत नेमका ठरेल, आणि अनौपचारिक लेखनात तो बिनधास्त वापरावा. अग्रलेखात किंवा पाठ्यपुस्तकात ‘मॅकार्थीझम’ ठेवावा. ‘मॅकार्थीवादी नेता’ असं लिहिणं टाळावं, त्याऐवजी ‘मॅकार्थी पद्धतीचे आरोप करणारा नेता’ असं लिहिलं की माणसावर शिक्का न बसता कृतीवर बोट ठेवलं जातं. शिक्केबाजीवर टीका करताना आपणच शिक्का मारू नये, म्हणून हा फरक जपायचा.

भारताबद्दल लिहिताना जास्त काळजी हवी. मीरत कटाच्या खटल्याला काही जण मॅकार्थीझम म्हणतात. २० मार्च १९२९ ला झालेल्या त्या धरपकडीत मुंबईतून डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर असे गिरणी कामगारांचे पुढारी उचलले गेले आणि १९३३ पर्यंत खटला रेंगाळला. अन्याय मोठा होता, पण तो वसाहतवादी सरकारने कायदा लावून, न्यायालयात चालवलेला खटला होता, आणि शब्द जन्मायला अजून २१ वर्षं होती. तिथे ‘राजकीय खटला’ हाच शब्द बरोबर.

‘अर्बन नक्षल’ या शब्दाबद्दल तर रोज विचारलं जातं. इथे सरसकट उत्तर देऊ नये, प्रसंग पाहावा. एल्गार परिषदेसारख्या प्रकरणात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे दाखल आहेत, आरोपपत्रं आहेत, जामिनावर उच्च न्यायालयं आणि सर्वोच्च न्यायालय बोलली आहेत. तिथे वाद पुराव्याच्या दर्जाचा आणि खटल्याविना वर्षानुवर्षं चालणाऱ्या कोठडीचा आहे, आणि तो त्याच शब्दांत मांडला तर जास्त ठाम होतो. पण कुणावर कसलाही गुन्हा नसताना एखाद्या प्राध्यापकाला वाहिनीवर ‘अर्बन नक्षल’ म्हटलं, तर तो लाल शिक्का. आणि मंत्र्याने किंवा कुलगुरूने नाव न घेता ‘आमच्याकडे यादी आहे’ म्हटलं, यादी दाखवली नाही, आणि त्यानंतर कुणाचं व्याख्यान रद्द झालं, कुणाचं कंत्राट वाढवलं गेलं नाही, तर तिथे मॅकार्थीझम हा शब्द पूर्ण अधिकाराने वापरावा. संघटनांच्या याद्यांचंही तसंच. अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या यादीत नाव घालताना संघटनेला आधी सुनावणी मिळत नसे. आपल्याकडे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली संघटना बेकायदा ठरवली की तो निर्णय उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या न्यायाधिकरणापुढे जावा लागतो. ती तपासणी पुरेशी आहे का, यावर भांडता येतं, पण दोन्ही व्यवस्था एकच आहेत असं लिहिणं चुकीचं.

डाव्यांनीही हा शब्द सैलपणे वापरू नये. एखाद्या लेखकाच्या जाहीर मतांवर कडक टीका झाली, त्याची वाक्यं उद्धृत करून खोडली गेली, तर तो मॅकार्थीझम नाही. तिथे पुरावा समोर आहे, आणि उत्तर द्यायला त्याला जागा आहे.

लेखात शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्यावा. असा चालेल: ‘मॅकार्थीझम, म्हणजे पुरावा समोर न ठेवता सत्तेच्या जोरावर माणसाला कम्युनिस्ट किंवा देशद्रोही ठरवून त्याची नोकरी आणि अब्रू घालवण्याची रीत, १९५० च्या दशकातले अमेरिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावरून.’ त्यापुढच्या वाक्यात आपल्या प्रसंगातला आरोप कुणी केला, कुठे केला, कोणता कागद दाखवला आणि कुणाचं काय गेलं, हे लिहावं. या चारपैकी एकाचं उत्तर हाती नसेल, तर ते मिळेपर्यंत लेखात हा शब्द घालू नये.